समुद्राला ताप आला की रंग बदलणारी मुलगी

मागच्या दोन-तीन एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी लिहिलं, की एकदा टेक सोडून वेगळं काहीतरी घे. तर आज घेतोय. पण टेक अगदीच सुटलंय असं नाही, हे आधीच सांगतो.

आजचा विषय आहे एक पुतळा. पुतळा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चौथरा येतो, भोवती रेलिंग येतं, जयंतीच्या दिवशी हार घालायची शिडी येते. इथे यातलं काहीच नाही. हा पुतळा समुद्राच्या पाण्यात उभा आहे, एका शाळकरी मुलीचा आहे, आणि त्याला लांबून एका सेन्सरचा डेटा येतो. त्या डेटाप्रमाणे त्याचा रंग बदलतो. एवढं ऐकल्यावर माझ्यासारख्या माणसाला झोप लागणं शक्यच नव्हतं.

जागा ऑस्ट्रेलियातली. क्वीन्सलँड राज्यात, ईशान्य किनाऱ्यावर टाउन्सव्हिल नावाचं शहर आहे. दोनेक लाख वस्तीचं, म्हणजे आपल्या हिशोबाने तालुक्याचं गाव जरा फुगलेलं. किनाऱ्याला लागून फिरायचा मोठा रस्ता आहे, त्याला 'द स्ट्रँड' म्हणतात. संध्याकाळी कुत्री फिरवणारी माणसं, आइस्क्रीम, जेट्टीवर गळ टाकून बसलेले काका. या जेट्टीजवळ पाण्यात २०१९ च्या डिसेंबरमध्ये हा पुतळा उभा केला. नाव 'ओशन सायरन'.

नाव मला भारी वाटलं. ग्रीक कथांमधल्या सायरन म्हणजे गाऊन खलाशांना भुलवणाऱ्या आणि खडकावर आपटवणाऱ्या बायका. आणि आपला सायरन म्हणजे भोंगा. इथे दोन्ही अर्थ लागू पडतात, फक्त ही मुलगी खडकावर आपटू नका असं सांगतेय.

शिल्पकार जेसन डीकेअर्स टेलर. ब्रिटिश माणूस. तुमच्यापैकी काहींनी त्याचं काम रील्समध्ये नक्की पाहिलं असणार, नाव माहीत नसेल इतकंच. समुद्राच्या तळाशी माणसांचे पुतळे उभे आहेत, त्यांच्या तोंडावर, खांद्यांवर शेवाळ आणि प्रवाळ वाढलेत, मधून मासे फिरतायत, ते फोटो त्याच्या कामाचे. २००६ साली कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटाजवळ त्याने सुरुवात केली. मग मेक्सिकोत कानकूनजवळ पाण्याखालचं अख्खं संग्रहालय, पाचशेच्या आसपास पुतळे. त्यामागचा विचार अगदी व्यवहारी होता. पर्यटक डायव्हिंग करताना खऱ्या प्रवाळावर पाय देतात, हात लावतात, तुकडे मोडतात. मग त्यांना बघायला दुसरीकडे काहीतरी द्या, खऱ्या प्रवाळाला जरा श्वास घेऊ दे. पुतळ्यांचं सिमेंटही असं, की त्यावर प्रवाळाची पिल्लं चिकटून वाढू शकतील.

लंडनमध्ये २०१५ साली त्याने थेम्स नदीत चार घोडेस्वार उभे केले होते. घोड्यांच्या तोंडाच्या जागी तेल उपसणाऱ्या पंपांची डोकी. भरतीला ते पाण्यात बुडायचे, ओहोटीला दिवसातून दोनदा वर यायचे, आणि समोर थोड्याच अंतरावर ब्रिटिश पार्लमेंट. टोमणा कुणाला आहे हे समजावून सांगायची गरजच नाही.

पण पाण्याखालच्या पुतळ्यांची एक अडचण आहे. ते बघायला पाण्याखाली जावं लागतं. म्हणजे पैसे हवेत, पोहता यायला हवं, बोटीत उलटी होऊन चालत नाही. टाउन्सव्हिलची मुलगी मात्र पाण्याच्या वर आहे. फुकट आहे. आइस्क्रीम खाता खाता दिसते.

ही मुलगी वुल्गुरुकाबा समाजातली आहे. टाउन्सव्हिलचा परिसर आणि समोरचं मॅग्नेटिक आयलंड, ही हजारो वर्षं ज्यांची भूमी, त्यांच्यापैकी हे एक. नावाचा अर्थ होडीवाले लोक. पुतळ्यासाठी त्या समाजातली तेव्हा १२ वर्षांची एक शाळकरी मुलगी उभी राहिली होती. तिच्या हातात मोठा शंख आहे आणि नजर समुद्राकडे, रीफच्या दिशेने. शहराकडे तिची पाठ आहे असं नाही म्हणणार मी, पण लक्ष शहराकडे नाही एवढं खरं.

आता डेटा. किनाऱ्यापासून बरंच आत, ग्रेट बॅरिअर रीफवर, डेव्हीस रीफ नावाचा एक भाग आहे. तिथे ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्स या सरकारी संस्थेचं हवामान केंद्र आहे. समुद्रात उभा मनोरा, त्यावर वाऱ्याची, पावसाची यंत्रं आणि पाण्यात तापमानाचे सेन्सर. तो आकडा किनाऱ्यावर येतो, पुतळ्याकडे जातो, आणि तिच्या अंगातले दोनशेच्या आसपास एलईडी रंग बदलतात. पाणी थंड तर गडद निळा, गरम होत गेलं की गडद लालपर्यंत. आर्किटेक्चर म्हणून बघाल तर कॉलेजच्या मिनी प्रोजेक्टइतकं सोपं. सेन्सर, नेटवर्क, एक मॅपिंग फंक्शन, दिवे. पण कॉलेजचा मिनी प्रोजेक्ट व्हायवा झाला की कपाटात जातो. हा शहराच्या चौपाटीवर रोज रात्री चालू असतो.

ग्रेट बॅरिअर रीफ म्हणजे २,३०० किलोमीटरहून लांब पसरलेली, सुमारे ३,००० वेगवेगळ्या रीफ्सची माळ. आणि प्रवाळ हा दगडही नाही, झाडही नाही. तो प्राणी आहे, जेलीफिशच्या भावकीतला. त्याच्या पेशींच्या आत सूक्ष्म शैवाल राहतात. भाडेकरू म्हणा. ते उन्हावर अन्न तयार करतात आणि त्यातलं बहुतेक घरमालकाला देतात. प्रवाळाचा रंगही मुख्यतः त्यांचाच. पाणी नेहमीपेक्षा जास्त गरम झालं आणि तसंच राहिलं, की या भाडेकरूंच्या आतली यंत्रणा बिघडते आणि ते विषारी पदार्थ सोडायला लागतात. प्रवाळ त्यांना बाहेर काढतो. मग पारदर्शक कातडीखालून चुन्याचा पांढरा सांगाडा दिसतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात.

पांढरा म्हणजे मेलेला नाही, हे नीट लक्षात ठेवा. पांढरा म्हणजे उपाशी. काही आठवड्यांत पाणी निवलं तर भाडेकरू परत येतात, रंग परत येतो. नाही निवलं तर उपासमारीने मरतो.

आता तारखा बघा. १९९८ आणि २००२ ला तिथे मोठं ब्लीचिंग झालं होतं. मग २०१६. त्या एका वर्षात, मार्च ते नोव्हेंबरमध्ये, रीफवरचे जवळजवळ ३० टक्के प्रवाळ गेले. लगेच २०१७. मग २०२०, २०२२, २०२४, २०२५. मधली गॅप कशी कमी होत गेली ते कानालाच कळतं. २०२२ चं तर ला नीनाच्या काळात झालं, म्हणजे ज्या वर्षी पाणी तुलनेने थंड असायला हवं त्या वर्षी.

आणि आपली मुलगी उभी राहिली डिसेंबर २०१९ ला. तिच्या पहिल्याच उन्हाळ्यात, फेब्रुवारी २०२० मध्ये, रीफवरच्या पाण्याचं सरासरी तापमान १९०० पासूनच्या नोंदींमध्ये सगळ्यात जास्त निघालं. नवीन कर्मचारी जॉइन होतो आणि पहिल्याच आठवड्यात प्रॉडक्शन सर्व्हर कोसळतो, तसा प्रकार.

मी तिला पाहिलं ते मात्र जुलैमध्ये. कामानिमित्त ब्रिस्बेनला होतो, एक लाँग वीकेंड मिळाला, तर थेट टाउन्सव्हिल गाठलं. जुलै म्हणजे तिकडे हिवाळा. हवा मस्त, आपल्या डिसेंबरातल्या पुण्यासारखी. अंधार पडल्यावर ती निळी झाली. शांत निळी. शेजारी एक बाबा आपल्या पोरीला सांगत होता की ही निळी आहे म्हणजे रीफ ओके आहे. पोरगी खूश. मी काही बोललो नाही, परक्या देशात कुणाच्या बापाला करेक्ट करू नये. पण डोक्यात भुंगा सुरू झाला.

कारण निळी आहे म्हणजे आत्ता पाणी थंड आहे, एवढंच. रीफ ठीक आहे का, हा वेगळाच प्रश्न आहे. तिथे हिवाळ्यात पाणी २२-२३ अंशांवर येतं, उन्हाळ्यात २८-२९ च्या आसपास जातं. म्हणजे नुसत्या तापमानावर रंग ठरवला तर पुतळा दर हिवाळ्यात निळ्याकडे आणि दर उन्हाळ्यात लालकडे झुकणार. चांगल्या वर्षीही. वाईट वर्षीही.

आपल्याकडे घरात कुणाला ताप आला की डॉक्टर पहिला प्रश्न काय विचारतात? किती ताप आहे, आणि किती दिवस आहे. दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा. एक दिवस १०१ असेल तर क्रोसिन देतात, दहा दिवस १०१ असेल तर रक्त तपासायला सांगतात. प्रवाळाचंही तसंच. त्याला एका दुपारचं ऊन मारत नाही, साचलेली उष्णता मारते.

हे मोजायचं एक एकक आहे, मला फार आवडतं. अमेरिकेची एनओएए ही संस्था उपग्रहांवरून ते काढते. नाव 'डिग्री हीटिंग वीक्स'. सोपं आहे. एखाद्या जागच्या सगळ्यात गरम महिन्याचं नेहमीचं सरासरी तापमान घ्या. पाणी त्याच्या किमान एक अंश वर गेलं की मोजायला लागा. एक अंश वर, चार आठवडे, म्हणजे ४. दोन अंश वर, दोन आठवडे, तरी ४. मागच्या बारा आठवड्यांची बेरीज करत राहायची. बेरीज ४ झाली की मोठं ब्लीचिंग अपेक्षित धरतात, ८ झाली की प्रवाळ मरायला लागतील असं धरतात. वर्षानुवर्षं धोक्याच्या पायऱ्या इथेच संपायच्या, लेव्हल १ आणि लेव्हल २. मग २०२३ चा उन्हाळा आला, जगभरात आकडे इतके वर गेले की एनओएएला लेव्हल ३, ४ आणि ५ नव्याने जोडाव्या लागल्या. पाचवी पायरी २० च्या वरची. थर्मामीटरची नळीच लांब करावी लागली म्हणा ना.

परत आल्यावर घरी एक खेळ केला. लोणच्याच्या तीन रिकाम्या काचेच्या बरण्या, प्रत्येकीत एलईडीची पट्टी, तिघींना मिळून एक स्वस्तात मिळणारा तो वायफायवाला बोर्ड. डेटा रीफवरचा, जुनी वर्षंही फास्ट फॉरवर्ड करून चालवायची सोय, एक दिवस म्हणजे एक सेकंद. पहिली बरणी नुसतं तापमान दाखवते. दुसरी नेहमीपेक्षा किती जास्त ते दाखवते. तिसरी साचलेली बेरीज दाखवते.

तिन्ही शेजारी ठेवल्यावर मजा कळते. पहिली ऋतूंप्रमाणे डोलते, दरवर्षी जवळजवळ सारखीच. दिसायला सगळ्यात सुंदर तीच, हे मान्य करावं लागेल. दुसरी चंचल. ढग आले की उतरते, वारा पडला की चढते. तिसरी महिनोन्महिने काहीच करत नाही, विझल्यासारखी. आणि मग एखाद्या वाईट उन्हाळ्यात हळूहळू चढायला लागते, आणि पाणी निवल्यावरही लगेच उतरत नाही. बाकीच्या दोघी नॉर्मल झालेल्या असतात तेव्हाही ती आठवण ठेवून बसलेली असते. प्रवाळही तेव्हा उपाशीच असतो.

आईने तिन्ही बरण्या बघितल्या आणि विचारलं, "अरे, ही तिसरी लाल झाली की आपण काय करायचं?"

मंडळी, मी आठ तास जे काम करतो त्याचा गाभा या प्रश्नात आहे. आमच्या फील्डमध्ये साधा नियम असतो. रात्री तीन वाजता कुणाला उठवणारा अलर्ट लावायचा असेल, तर उठल्यावर त्याने काय करायचं ते आधी लिहा. ज्या अलर्टवर काही करताच येत नाही, त्याला लोक आठवड्याभरात म्यूट करतात. दोष लोकांचा नसतो. मग चौपाटीवर लाल झालेल्या मुलीकडे बघून टाउन्सव्हिलच्या माणसाने काय करायचं? समुद्रावर पाणी मारून तो थंड करता येत नाही. प्रवाळ खाणारे काटेरी स्टारफिश डायव्हर्स एकेक करून मारतात, उसाच्या शेतातून खत वाहून समुद्रात जाऊ नये म्हणून प्रयत्न चालतात, त्याने रीफला बळ मिळतं. पण उष्णतेवर उपाय एकच, कोळसा, तेल, गॅस कमी जाळणं. पृथ्वी दीड अंशाने तापली तर उष्ण पाण्यातले ७० ते ९० टक्के प्रवाळ जातील आणि दोन अंशांनी तापली तर ९९ टक्क्यांहून जास्त, असं आयपीसीसीने २०१८ मध्येच लिहून ठेवलंय.

आणि इथे गोष्ट आपल्याकडे वळते. टाउन्सव्हिलमध्येच अदानी समूहाच्या ऑस्ट्रेलियन खाण कंपनीचं प्रादेशिक मुख्यालय आहे. आतल्या भागात त्यांची कारमायकल खाण आहे, क्षमता वर्षाला सुमारे एक कोटी टनांची. पुतळा उभा राहिला त्याच वर्षी, २०१९ मध्ये, तिला शेवटच्या मंजुऱ्या मिळाल्या. २०२१ च्या अखेरीस पहिला कोळसा परदेशी निघाला, टाउन्सव्हिलच्या दक्षिणेला ॲबट पॉइंट बंदरातून. तिथून निघालेली जहाजं खुल्या समुद्रात जातात ती रीफमधल्या वाटांनी. तो कोळसा आशियातल्या वीजकेंद्रांत जातो. त्यावर चालणाऱ्या दिव्याखाली कोण बसलंय, हा हिशोब मला लावता येत नाही, पण तो सगळा 'त्यांचा' आहे असं म्हणायची माझी हिंमत होत नाही.

तिथल्या लोकांना ढोंगी म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. २०१६ मध्ये शहराजवळची निकेल रिफायनरी बंद पडली, शेकडो लोकांच्या नोकऱ्या एका झटक्यात गेल्या. त्यांच्यासाठी खाण म्हणजे घराचा हप्ता. आणि त्याच शहरात रीफचा कारभार बघणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचं मुख्यालय, त्याच शहरात प्रवाळावर संशोधन करणारं विद्यापीठ. पुतळ्यांचं संग्रहालय सरकारी पैशातून झालं, आणि त्यामागे पर्यटक वाढावेत हाही हेतू होताच. म्हणजे ती मुलगी ज्या पाण्यात उभी आहे तिथे दोन्ही बाजूंनी भरती येते. यातला कुठलाही एक धागा काढून एपिसोड केला असता तर व्ह्यूज जास्त आले असते, पण खोटा झाला असता.

मग पुतळ्याचा उपयोग काय? माझं मत सांगतो, पटलं नाही तर कॉमेंटमध्ये भांडा. दोनेक लाखांच्या गावात पोरं लहानपणापासून रोज एका आकड्याकडे बघत मोठी होतायत, त्यांना तो आकडा आहे हे माहीत आहे. आपल्याकडे तेही नाही. मुंबईच्या कोस्टल रोडसाठी २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळाच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे नेल्या. ही बातमी वाचून माझ्या मुंबईकर मित्राची पहिली प्रतिक्रिया होती, "मुंबईत प्रवाळ आहेत?" आयुष्यभर हाजी अलीला जाणारा माणूस. वाघाइतकंच, पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण आहे त्यांना आपल्या कायद्यात. आपल्या चौपाट्यांवर पुतळे कमी नाहीत, पण समुद्राबद्दल काही सांगणारा एकही मला आठवत नाही.

फक्त, कुणी असं काही उभारणार असेल तर माझी एक विनंती. तिसरी बरणी उभारा. आत्ताचं पाणी दाखवणारी नको, मागचे बारा आठवडे लक्षात ठेवणारी. दिसायला कंटाळवाणी असेल, वर्षानुवर्षं रंग बदलणार नाही, नगरसेवक विचारतील की बंद पडलीय का. चालेल.

बरण्यांचा कोड मी टाकतोय, ज्यांना हवा त्यांनी घ्या. ऑस्ट्रेलिया नको असेल तर एनओएएचा नकाशा साऱ्या जगाचा आहे, पाच-पाच किलोमीटरच्या चौकोनांचा. त्यात लक्षद्वीप लावा, मालवण लावा. मालवणला प्रवाळ आहेत, तेही सांगून ठेवतो, नाहीतर पुन्हा तेच विचाराल. आणि एक तांत्रिक सूचना. तो आकडा दिवसातून एकदाच बदलतो. तेव्हा लूपमध्ये दर सेकंदाला त्यांच्या सर्व्हरला छळू नका, सकाळी एकदा विचारलं की पुरे. माझी तिसरी बरणी स्वयंपाकघरात फ्रीजवर आहे. आई रोज चहा टाकताना बघते.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.